जहाज गेलं, गाडी राहिली: स्टाव्होरेन नावाच्या छोट्या डच स्टेशनचा हिशेब

रेल्वेच्या खाजगीकरणाची बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "युरोपात बघा, सगळं खाजगी आहे आणि गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात." दुसरं, "खाजगी कंपनी आली की लहान स्टेशनं बंद पडलीच म्हणून समजा." बोलणारे दोघंही इतके ठाम असतात की मधे तोंड घालायची सोय नसते. म्हणून सगळ्या युरोपाची उठाठेव न करता एकच लहानसं स्टेशन घेऊ आणि ते कसं चालतं ते तळापासून बघू.

स्टेशनचं नाव स्टाव्होरेन. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंड प्रांतात, एका मोठ्या तलावाच्या काठी ते आहे. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या गावाला दिवसातून एसटीच्या दोन-तीन फेऱ्या आणि रात्रीची मुक्कामी गाडी मिळाली, तर ते गाव भाग्यवान. स्टाव्होरेनला साधारण दर तासाला रेल्वे येते. स्टेशन मास्तर नाही, हमाल नाही, वडापाववाला तर नाहीच. रूळ येतात आणि बंदराजवळ संपतात. त्यापुढे पाणी.

एवढ्याशा गावाला दर तासाला गाडी कशी परवडते आणि तिचे पैसे कोण भरतं? उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण हे स्टेशन मुळात गावासाठी बांधलेलंच नव्हतं.

## आधी नकाशा

नेदरलँड्सचा जुना नकाशा डोळ्यासमोर आणा. देशाच्या वरच्या अंगाला उत्तर समुद्राचं पाणी जमिनीत खोलवर घुसलेलं होतं. या खाडीचं नाव झाउडरझे, म्हणजे दक्षिणेचा समुद्र. नाव ठेवलं ते तिच्या उत्तरेला राहणाऱ्यांनी. खाडीच्या नैऋत्य टोकाला आम्स्टरडॅम. पश्चिम काठावर एंकहाउझन हे बंदर आणि समोर पूर्वेच्या काठावर स्टाव्होरेन. मधे वीसेक किलोमीटर पाणी.

मुंबईकराला हे लगेच कळेल. अलिबागला गाडीनं जायचं तर पनवेल, पेण असा वळसा घ्यायचा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात पलीकडे. आम्स्टरडॅम आणि फ्रीसलंड यांच्यात हीच गत होती. झ्वोले शहरावरून जाणारा जमिनीवरचा रेल्वेमार्ग १८६८ पर्यंत तयार झाला होता, पण तो खाडीला वळसा घालून जायचा. खाडी सरळ ओलांडली तर वाट आखूड.

मग दोन्ही काठांपर्यंत रूळ आणायचे आणि मधलं अंतर आगबोटीनं जोडायचं असं ठरलं. १८८५ साली एंकहाउझनला रेल्वे पोहोचली. पलीकडे प्रांताची राजधानी लेउवार्डनपासून स्नेक या गावापर्यंतचा टप्पा १८८३ मध्ये झाला होता; तिथून पुढं स्टाव्होरेनपर्यंतचा मार्ग नोव्हेंबर १८८५ मध्ये सुरू झाला. गाडी, बोट, पुन्हा गाडी, अशी ही साखळी. ती चालवत होती हॉलंड लोह रेल्वे कंपनी. १८३९ मध्ये आम्स्टरडॅम ते हार्लेम ही देशातली पहिली आगगाडी सोडणारी कंपनी हीच.

स्टाव्होरेन स्टेशनचा जन्म असा. अर्धा पूल म्हणा ना, ज्याचा उरलेला अर्धा भाग पाण्यावर तरंगत होता.

## रो-रो जुनीच

माणसं उतरून बोटीत बसतील, पण मालाचं काय? पोती गाडीतून काढा, बोटीत भरा, पलीकडे पुन्हा काढा, पुन्हा गाडीत भरा. हमालीत नफा गेला. म्हणून १८९९ पासून मालाचे अख्खे डबेच बोटीवर चढवायला सुरुवात झाली. बोटीच्या डेकवर रूळ, काठावर रूळ आणि दोहोंना जोडणारा, पाण्याच्या पातळीप्रमाणे वर-खाली होणारा उतार. डबा ढकलायचा आणि न्यायचा.

आज भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट जे करते, तेच हे. आपल्या कोकण रेल्वेनं १९९९ पासून उलटं केलं, मालाचे ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवले. तत्त्व एकच. चाकांवरचा माल चाकांवरून उतरवू नका, चाकांसकट उचला.

## समुद्राला बांध घातला आणि स्टेशनचं कामच संपलं

जानेवारी १९१६ मध्ये वादळात झाउडरझेचे किनारी बांध फुटले आणि मोठा मुलूख पाण्याखाली गेला. कॉर्नेलिस लेली हे अभियंते अनेक वर्षं सांगत होते की या खाडीचं तोंडच बंद करा. तेच आता मंत्री होते. १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या बांधातलं शेवटचं खिंडार बुजवलं गेलं. बांधाचं नाव आफस्लाउटडाइक, म्हणजे शब्दशः 'बंद करणारा बांध'. डच माणसं नावं ठेवताना कल्पनाशक्ती फार खर्च करत नाहीत.

खाडीचा तलाव झाला. हळूहळू खाऱ्याचं गोडं पाणी झालं. नाव बदलून आयसेलमेर झालं. सप्टेंबर १९३३ मध्ये बांधावरचा रस्ता वाहतुकीला खुला झाला आणि मोटारी, ट्रक सरळ पलीकडे जाऊ लागले. बोटीवरून डबे नेण्याचा धंदा पुढच्या काही वर्षांतच संपला.

बांध बांधताना त्यावर रेल्वेसाठीही जागा राखून ठेवली होती. रूळ पडले असते तर उत्तरेचा सगळा नकाशा वेगळा दिसला असता. ते कधीच पडले नाहीत, आणि पुढं ती राखीव पट्टी रस्ता रुंद करण्यात गेली. १९५२ मध्ये झ्वोलेकडून जाणारा वळशाचा मार्ग विजेवर आला आणि लांब असूनही जलद झाला. स्टाव्होरेनच्या वाटेनं आम्स्टरडॅमला जाण्याचं कारण उरलं नाही.

या गावाला हा अनुभव नवा नव्हता म्हणा. मध्ययुगात स्टाव्होरेन मोठं व्यापारी बंदर होतं. नंतर बंदराच्या तोंडाशी वाळू साठत गेली. त्यावर तिथं एक दंतकथा आहे. एका श्रीमंत व्यापारी बाईनं आपल्या कप्तानाला सांगितलं, "जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू घेऊन ये." तो गहू भरून आला. बाई संतापल्या आणि सगळा गहू बंदरात ओतायला लावला. एका म्हाताऱ्यानं टोकलं, तर बोटातली अंगठी पाण्यात भिरकावून म्हणाल्या, "ही परत येईल तेव्हा मी गरीब होईन." काही दिवसांनी ताटातल्या माशाच्या पोटात अंगठी सापडली. बाई भिकेला लागल्या, आणि गहू पडला होता तिथं वाळूचा बांध उठून बंदर बुजलं. शकुंतलेची अंगठी आठवली असेल तर आठवू द्या. माशांचा हा धंदा सगळीकडे चालतो. बाईंचा पुतळा आजही बंदरावर उभा आहे, पाण्याकडे डोळे लावून.

## मग मार्ग बंद का नाही पडला?

पडू शकला असता. फ्रीसलंडच्या उत्तरेकडचे कितीतरी स्थानिक रेल्वेमार्ग १९३० च्या दशकापासून बस आणि मोटारीपुढे टिकले नाहीत, उखडले गेले. हा टिकला, आणि त्याचं उत्तर शेवटच्या स्टेशनात शोधून मिळणार नाही. ते मधल्या स्टेशनांत आहे.

लेउवार्डन ते स्टाव्होरेन हा सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग. मधे मांटखुम, स्नेक, आयल्स्ट, वोर्कुम, हिंडेलोपन अशी गावं. फ्रीसलंडमध्ये 'अकरा शहरं' प्रसिद्ध आहेत, कारण कडक थंडीत कालवे पुरेसे गोठले तर या अकरा शहरांतून बर्फावरून सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ रोजी. त्यानंतर बर्फच तितका जाड झालेला नाही. या अकरातली सहा शहरं एकट्या या रेल्वेमार्गावर आहेत: लेउवार्डन, स्नेक, आयल्स्ट, वोर्कुम, हिंडेलोपन आणि स्टाव्होरेन. 'शहर' म्हणजे आपल्या मापानं खेडीच. पण स्नेक बऱ्यापैकी मोठं आहे, आणि लेउवार्डनला शिकायला, नोकरीला, दवाखान्यात जाणारी खरी गर्दी त्या टप्प्यात असते. म्हणून स्नेकपर्यंत गाड्या जास्त आणि पुढं कमी.

एसटीचा मार्ग आठवा. तालुक्यापर्यंत गाडी भरलेली, पुढच्या शेवटच्या दोन वाड्यांना चार माणसं. त्या चार माणसांचा वेगळा हिशेब मांडला तर फेरी तोट्यात. पण गाडी आधीच तिथवर आली आहे, ड्रायव्हर आहे, रस्ता आहे. शेपटाचा जादा खर्च फार नसतो, आणि शेपूट तोडलं की त्या चार माणसांबरोबर त्यांचं पुढचं पन्नास किलोमीटरचं तिकीटही जातं. स्टाव्होरेन हे असं शेपूट आहे.

## रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची

आता खाजगीकरणाकडे येऊ. इथं तीन नावं लक्षात ठेवावी लागतील, अधिक नाही.

पहिलं, एनएस. ही डच राष्ट्रीय रेल्वे. कंपनी आहे, पण तिचे सगळे शेअर सरकारकडे. देशातल्या मुख्य मार्गांवर हिच्याच गाड्या. दुसरं, प्रोरेल. रूळ, सिग्नल, फलाट यांची व्यवस्था आणि देखभाल हिच्याकडे, हीसुद्धा सरकारीच. तिसरं, अराइव्हा. स्टाव्होरेनच्या मार्गावर गाड्या चालवणारी खाजगी कंपनी.

रूळ आणि गाडी वेगळी का केली? १९९१ मध्ये युरोपीय समुदायानं नियम केला की रुळांचा हिशेब आणि गाड्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवा. आपल्याकडे रस्ता कुणाचा आणि एसटी कुणाची हे वेगळं आहे, यात कुणाला नवल वाटत नाही. सार्वजनिक बांधकाम खातं रस्ता सांभाळतं, महामंडळ बस चालवतं, त्याच रस्त्यावरून खाजगी ट्रॅव्हल्सही जातात. रेल्वेत ही विभागणी विचित्र वाटते, कारण आपण रेल्वे म्हटलं की रूळ, इंजिन, टीसी आणि चहावाला सगळं एकाच छत्राखाली बघत आलो. नेदरलँड्सनंही १९९० च्या दशकापर्यंत तसंच पाहिलं होतं.

त्या दशकात डच सरकारनं एनएसला सांगितलं, आता धंदा स्वतःच्या पायावर करा. एनएसनं साहजिकच विचारलं, मग हे तोट्यातले ग्रामीण मार्ग आम्ही का ओढायचे? तिथून हे मार्ग वेगळे काढले गेले. १९९९ पासून उत्तरेतल्या मार्गांवर एनएस आणि अराइव्हा यांची मिळून एक कंपनी आली, आणि नंतर सगळं अराइव्हाकडे गेलं.

## उलटा लिलाव

'खाजगी कंपनीकडे गेलं' म्हणजे नक्की काय झालं? विकलं का? नाही. मक्त्यानं दिलं.

आपल्याकडे नदीच्या तरीचा मक्ता दिला जायचा. घाट सरकारी, नदी कुणाचीच नाही, पण माणसं पलीकडे नेण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी एकाला. जो जास्त बोली लावेल त्याला. डच ग्रामीण रेल्वेत असाच मक्ता आहे, फक्त बोली उलटी. तोट्याचा मार्ग चालवायचा आहे म्हटल्यावर प्रांत विचारतो, "इतक्या गाड्या, इतक्या वेळेपर्यंत, अशा डब्यांच्या, एवढं आम्हाला हवंच. सांगा, वरून किती पैसे लागतील आणि त्यात अजून काय देता?" कंपन्या आपापले आकडे आणि योजना टाकतात. ज्याची मांडणी सरस, त्याला काही वर्षं त्या मार्गावर एकट्यानं गाडी चालवायचा हक्क. रूळ वापरल्याचं भाडं तो प्रोरेलला देतो. मुदत संपली की पुन्हा निविदा.

फ्रीसलंड आणि शेजारच्या ख्रोनिंगन प्रांतानं दिलेला आधीचा मक्ता पंधरा वर्षांचा होता. तो डिसेंबर २०२० मध्ये संपला आणि नवा, पुन्हा पंधरा वर्षांचा, पुन्हा अराइव्हालाच मिळाला.

माझ्या मते सगळ्या वादातला कळीचा मुद्दा इथं आहे. स्टाव्होरेनला तासाला गाडी येते ती अराइव्हाची कृपा नाही आणि बाजाराची जादूही नाही. प्रांतानं करारात 'गाडी सोडा' लिहिलं आहे आणि त्याचे पैसे मोजले आहेत, म्हणून ती येते. उद्या प्रांतानं ते वाक्य खोडलं, तर चालवणारा सरकारी असो की खाजगी, गाडी थांबेल.

## "पण नफा तर परदेशी कंपनीच नेते ना?"

ही शंका रास्त आहे, आणि अराइव्हाची वंशावळ वाचली तर ती अधिकच रास्त वाटते. कंपनीचं मूळ इंग्लंडमधल्या सँडरलँड शहरातल्या मोटारसायकलींच्या दुकानात. ते दुकान वाढत बस कंपनी झालं. १९९७ मध्ये अराइव्हा हे नाव आलं. २०१० मध्ये जर्मन सरकारच्या मालकीच्या डॉइच बान या रेल्वेनं ती विकत घेतली. म्हणजे चौदा वर्षं एका डच खेड्यातली 'खाजगी' गाडी प्रत्यक्षात जर्मन सरकारची होती. २०२४ मध्ये डॉइच बाननं ती आय स्क्वेअर्ड कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक संस्थेला विकली.

मालक इतके बदलले, स्टाव्होरेनच्या फलाटावर काय बदललं? त्या विक्रीमुळे म्हणाल तर फारसं काही नाही, कारण करार गाडीचा होता आणि तो तसाच राहिला. मक्तेदाराला नफा होतो, नाकारण्यात अर्थ नाही. प्रांताचा युक्तिवाद असा की निविदेच्या स्पर्धेमुळे त्याच पैशांत जास्त गाड्या मिळतात. टीकाकार म्हणतात, देशाची रेल्वे असे तुकडे करून वाटली की तुकड्यांच्या सांध्यावर प्रवासी अडकतो. दोघांचंही खरं आहे. सांध्यावर प्रवासी कसा अडकतो ते तिकिटाच्या भागात येईलच.

आणखी एक गोष्ट. मुख्य मार्ग मात्र डच सरकारनं निविदेला लावलेले नाहीत. २०२५ ते २०३३ चा हक्क एनएसला थेट दिला आहे. 'युरोपात सगळं खाजगी' म्हणणाऱ्यांनी एवढं टिपून ठेवावं.

## दर तासाला तेच मिनिट

मुंबईत 'आठ-सतराची' लोकल असते, तिचे स्वतःचे भक्त असतात, भजनी मंडळ असतं. पण पुढच्या तासाला नऊ-सतराची असेलच असं नाही. नेदरलँड्समध्ये १९७० पासून देशभर ठोक्याचं वेळापत्रक आहे. समजा तुमच्या स्टेशनातून गाडी १७ मिनिटांनी सुटते, तर ती सात-सतरा, आठ-सतरा, नऊ-सतरा अशी दिवसभर. वेळापत्रक पाठ करायची गरज नाही, एक आकडा लक्षात ठेवायचा.

फायदा दुसरीकडे आहे. मोठ्या जंक्शनवर वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या थोड्या अंतरानं येतात आणि थोड्या अंतरानं सुटतात, म्हणजे गाडी बदलताना ताटकळावं लागत नाही. हे दर तासाला तसंच घडतं. स्टाव्होरेनची लहान गाडी लेउवार्डनला या फेऱ्यात बसवलेली असते. एकदा बसली की तिला दहा मिनिटं इकडं-तिकडं सरकवणं अवघड.

त्यात हा मार्ग एकेरी. कोकण रेल्वेनं गेलेल्या कुणालाही 'क्रॉसिंग' समजावून सांगायला नको. समोरची गाडी येईपर्यंत आपण स्टेशनात उभे. इथंही समोरासमोरच्या गाड्या ठरलेल्या स्टेशनांतच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यामुळे "स्टाव्होरेनला अर्ध्या तासानं गाडी द्या" ही मागणी फक्त जादा डब्यांची राहत नाही. त्यासाठी ओलांडायच्या जागा वाढवाव्या लागतील, सिग्नल बदलावे लागतील, आणि ते काम प्रोरेलचं, पैसे सरकारचे. अराइव्हानं मनात आणलं तरी तिच्या एकटीच्या हातात नाही.

## "त्यापेक्षा बस स्वस्त नाही का पडणार?"

एका गावापुरतं बघितलं तर पडेल. पण फ्रीसलंडचा हा कोपरा तळी आणि कालव्यांनी भरलेला आहे. रूळ ज्या पाणथळीतून १८८५ मध्येच पार झाले, तिथं रस्ता वळसे घेत जातो. सायकल घेऊन येणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवरच्यांना फलाटाच्या पातळीवर उघडणारं दार सोयीचं. शिवाय रूळ आहेतच. नवा मार्ग टाकायचा असता तर या गावासाठी कुणीही टाकला नसता, हे कबूल करायला हवं. असलेला मार्ग चालू ठेवणं आणि नवा बांधणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

मार्गावर विजेच्या तारा नाहीत. गाड्या स्टाडलर या स्विस कंपनीच्या, वर्षानुवर्षं डिझेलवर चालणाऱ्या. अलीकडे वनस्पती तेल आणि टाकाऊ चरबीपासून केलेलं डिझेलसारखं इंधन आणि ब्रेक मारताना तयार होणारी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या असलेल्या नव्या गाड्या उत्तरेत आल्या आहेत. पन्नास किलोमीटर एकेरी मार्गावर तारा ओढण्यापेक्षा हे स्वस्त, असा हिशेब.

शेवटचं स्टेशन असण्याचा एक धोकाही सांगून टाकतो. जुलै २०१० मध्ये एका रात्री रूळ घासून गुळगुळीत करणारी देखभालीची गाडी स्टाव्होरेनला थांबलीच नाही. टोकाचा अडथळा तोडून ती थेट समोरच्या दुकानात घुसली, जिथं बोटींचं सामान विकायला होतं. दुकानाचा चुराडा झाला. रात्रीची वेळ होती म्हणून जीव कुणाचा गेला नाही.

## तिकीट काढताना सांभाळा

नेदरलँड्समध्ये शिकायला, नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. जुलै २०१४ पासून तिथं कागदी तिकिटांची जुनी पद्धत गेली. चढताना फलाटावरच्या खांबाला कार्ड लावायचं, म्हणजे चेक-इन, आणि उतरल्यावर पुन्हा लावायचं, म्हणजे चेक-आउट. २०२३ पासून साधं बँकेचं कार्डही चालतं. अंतराप्रमाणे पैसे आपोआप कापले जातात. उतरताना विसरलात, तर यंत्राला तुम्ही कुठं गेलात ते माहीत नसतं आणि ते प्रवासापेक्षा मोठी रक्कम कापून मोकळं होतं.

मघाशी म्हटलेला सांधा तो हा. आम्स्टरडॅमहून एनएसच्या गाडीनं लेउवार्डनला आलात आणि स्टाव्होरेनच्या गाडीत बसायचं आहे, तर स्टेशनाबाहेर पडायची गरज नाही. पण कार्ड दोनदा लावावं लागतं. एनएसच्या खांबाला चेक-आउट आणि अराइव्हाच्या खांबाला चेक-इन. खांब शेजारी शेजारी असू शकतात, रंग वेगळे. एक चुकला की हिशेब चुकला. दंड बसला की तुम्ही ग्राहक सेवेला लिहायचं आणि पैसे परत मागायचे. मिळतात, पण रेल्वे अशी तुकड्यांत वाटण्याचा डाव कागदावर कितीही सुंदर दिसला, तरी त्याची ही किंमत प्रवाशाच्या खिशातून आणि डोक्यातून जाते.

## आखूड वाटेचं स्वप्न

आम्स्टरडॅमहून उत्तरेला सरळ जायची १८८५ ची हौस अजून फिटलेली नाही. झाउडरझेतून मिळवलेल्या नव्या जमिनीवरून लेलीस्टाट ते झ्वोले हा मार्ग डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला आणि वळसा थोडा आखूड झाला. त्याच लेलीस्टाटमधून थेट ईशान्येला ख्रोनिंगनपर्यंत 'लेलीलाइन' बांधावी, ही मागणी अनेक वर्षं गाजते आहे. खर्च अब्जावधी युरोंचा, आणि प्रत्येक सरकारबरोबर तिचं नशीब वर-खाली होतं. ती झाली तरी स्टाव्होरेनला स्पर्श करणार नाही. समुद्राला बांध घालणाऱ्या लेलींचंच नाव त्या न झालेल्या रुळांना दिलं आहे.

दरम्यान जुनी वाट पर्यटकांसाठी उघडी आहे. उन्हाळ्याच्या मोसमात एंकहाउझन ते स्टाव्होरेन बोट चालते. पायी माणसं आणि सायकली, मोटारी नाहीत. आम्स्टरडॅमहून एनएसच्या गाडीनं एंकहाउझन, बोटीनं तलाव पार करून स्टाव्होरेन, आणि तिथून अराइव्हानं लेउवार्डन, अशी एका दिवसाची सहल मजेत होते. फक्त बोटीत चढण्याआधी एंकहाउझनला फलाटावर चेक-आउट करा, नाहीतर तुम्ही तलावाच्या मध्यावर असताना एनएसच्या हिशेबात अजून गाडीतच असाल. बोटीचं तिकीट वेगळं. स्टाव्होरेनला उतरल्यावर अराइव्हाच्या खांबाला पुन्हा कार्ड. सुरुवातीला दोन्हीकडच्या गाड्या आणि मधली बोट एकाच कंपनीच्या होत्या.